कमरपट्टीच्या आतला नंबर : पॅलिएटिव्ह डे केअरमधलं एक प्रकरण

(पॅलिएटिव्ह सेवा म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याची सेवा. अशा एका केंद्रात मी सोशल वर्कर आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे काका, त्यांच्या मुलाला थोरला आणि मुलीला धाकटी म्हटलं आहे.)

तिसऱ्या मंगळवारी सिस्टरांनी काकांच्या फाईलमध्ये लिहिलं, ‘रात्रीच्या गोळ्या शिल्लक. रुग्ण डोस घेत नाही. समुपदेशन करावे.’ आणि फाईल माझ्या टेबलावर आली.

वय ६४. व्यवसाय शिंपीकाम. प्रोस्टेटचा कर्करोग, मणक्यात आणि कमरेच्या हाडांत पसरलेला. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारलेली. दर मंगळवारी आमची गाडी त्यांना सकाळी घेऊन यायची आणि दुपारनंतर घरी सोडायची. आल्या आल्या सिस्टर शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर विचारायच्या, आत्ता किती दुखतंय? तीन. काल रात्री? आठ. कधी नऊ. डॉक्टरांनी दोनदा मॉर्फिन वाढवलं. रात्रीचे आठ जागचे हलेनात, उलट दिवसा काकांचे डोळे मिटायला लागले. शेवटी सिस्टरांनी गोळ्यांची पाकिटं मोजली. दिवसाच्या गोळ्या बरोबर संपलेल्या, रात्रीच्या जवळजवळ सगळ्या तशाच.

‘समुपदेशन करावे’ या दोन शब्दांबद्दल मला बरंच म्हणायचं आहे. रुग्ण सांगितलेलं ऐकत नाही, आता तुम्ही त्याला पटवा, असा त्यांचा अर्थ बहुतेक वेळा असतो. म्हणजे काय पटवायचं ते आधीच ठरलेलं असतं. या प्रकरणात मीही तेच मानून सुरुवात केली, म्हणून चूक कुठे झाली ते आधी सांगते.

चौथ्या मंगळवारी मी काकांना घेऊन बाजूच्या खोलीत बसले. मॉर्फिनबद्दल लोकांच्या मनात काय काय असतं ते मला पाठ आहे. सवय लागेल, हे शेवटचंच औषध असतं, आत्ताच घेतलं तर पुढे काम करणार नाही. एकेक शंका काढून मी उत्तर देत गेले. कर्करोगाच्या वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनची नशा करणाऱ्यासारखी सवय सहसा लागत नाही. डोस वाढवल्यावर येणारी गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र टिकते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत घ्यावंच लागतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. काका मान हलवत होते. “हो ताई. बरोबर आहे ताई.” चाळीस मिनिटांनी मी समाधानाने फाईलमध्ये नोंद केली. पुढच्या मंगळवारी रात्रीच्या सगळ्या गोळ्या शिल्लक.

त्यांना नसलेल्या शंकांची उत्तरं मी त्यांना दिली होती.

इथे डे केअरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं ते वॉर्डात किंवा अर्ध्या तासाच्या गृहभेटीत घडलं नसतं. रुग्णाने आपल्याच घरी, आपल्याच अंथरुणात झोपावं आणि आठवड्यातला एखादा दिवस केंद्रात यावं, ही कल्पना १९७५ साली इंग्लंडमध्ये शेफील्डच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिसने, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेने, प्रत्यक्षात आणली. तिथे औषधं तपासली जातात, जखमेचं ड्रेसिंग होतं, व्यायाम होतो, चार माणसांत बसणं होतं. आणि घरी काळजी घेणाऱ्याला त्या दिवसापुरती उसंत मिळते. कागदावर हे सगळं ‘सेवा’ या सदरात मोडतं. सोशल वर्करच्या दृष्टीने मात्र डे केअरचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे वेळ. सहा तास एकाच छताखाली, घाई नाही, समोरासमोर बसून मुलाखत देण्याची सक्ती नाही. अवघड गोष्ट माणूस डोळ्याला डोळा भिडवून क्वचित सांगतो. हाताला काम असलं, नजर त्या कामावर असली, की ती बाहेर येते.

केंद्राच्या एका खोलीत कुणीतरी दिलेलं शिलाई मशीन पडून होतं. पट्टा तुटलेला, शटलमध्ये धुळीचा थर. सहाव्या मंगळवारी काकांनी ते उघडलं. पट्टा आणून द्या म्हणाले, तेल मागितलं, आणि दुपारपर्यंत मशीन चालू झालं. पाठीला उशी लावून, वीस मिनिटं काम आणि वीस मिनिटं आडवं पडणं, अशा बेताने ते शिवायला बसले. मला म्हणाले, “ताई, कापडाचं ते टोक धरा जरा.” मी धरलं. पँट होती. कमरेला इलॅस्टिक, पुढे गुंडी नाही, चेन नाही.

मी विचारलं, “ही कुणासाठी?”

“थोरल्यासाठी. त्याला गुंडी लागत नाही.”

थोरला ३४ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे, हे फाईलमध्ये होतं. ‘कुटुंबातील सदस्य’ या चौकटीत एका ओळीत. दिवसा तो त्याच्यासारख्या प्रौढांच्या कार्यशाळेत जातो, हेही होतं. चार वर्षांपासून त्याला फिट येतात आणि त्या बहुतेक रात्री येतात, हे मात्र कुठेच नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. फॉर्म रुग्णाचा होता.

टीप घालता घालता, मान वर न करता, काका म्हणाले, “रात्रीची गोळी घेतली की मी मेल्यासारखा झोपतो. फिट आली तर मला ऐकू कसं येणार?”

मग त्यांनी डाव्या मनगटावरची बाही सरकवली. तिथे एक गोल, काळपट वळ होता. तो मी आधीही पाहिला होता. रुग्णालयात सुईवर लावलेल्या पट्टीचा असेल असं समजून सोडून दिला होता. काका रात्री एक सुती नाडी स्वतःच्या मनगटाला बांधायचे आणि तिचं दुसरं टोक थोरल्याच्या मनगटाला. झटका आला की नाडी ओढली जायची. मणक्यात ते दुखणं घेऊन हा माणूस रोज रात्री जागा राहत होता, कारण दुखणं त्याला जागं ठेवत होतं आणि जागं राहणं त्याला हवंच होतं.

ही भीती निराधार नव्हती, हे मुद्दाम नोंदवते. रात्री झोपेत, जवळ कुणी नसताना येणाऱ्या फिटमध्ये अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. औषध नाकारणारा रुग्ण म्हणून आम्ही ज्यांची नोंद केली होती, ते एका प्रौढ मुलाची रात्रपाळी करत होते. फॉर्ममध्ये ‘रुग्ण’ आणि ‘काळजीवाहक’ असे दोन वेगळे रकाने आहेत. काका दोन्हींत होते आणि आम्हाला एकच दिसला.

आधुनिक हॉस्पिस चळवळीचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स डॉक्टर होण्याआधी नर्स होत्या आणि मग रुग्णालयात सोशल वर्कर. १९४८ साली वारलेल्या डेव्हिड टास्मा या रुग्णाच्या उशाशी त्या बसायच्या ते सोशल वर्कर म्हणूनच. पुढे त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली : शरीराची, मनाची, नात्यागोत्यांची आणि अंतःकरणाची वेदना एकमेकींत विणलेली असते. आमच्या पिढीच्या प्रत्येक सोशल वर्करने हे परीक्षेत लिहिलेलं आहे. मीही लिहिलं होतं. आणि तरी समोरचा आठाचा आकडा मी सहा आठवडे नुसता हाडांचा समजत होते.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला. सगळ्यात आधी औषधाचाच धोका होता. दोनदा वाढवलेला डोस, काका सगळ्या गोळ्या घेतात असं धरून ठरला होता. घरात रात्री कुणी मदतीला आलं आणि काकांनी विश्वासाने लिहिलेला पूर्ण डोस एकदम घेतला असता, तर गुंगी जास्त झाली असती. डॉक्टरांनी प्रत्यक्षात पोटात जाणाऱ्या गोळ्यांवरून हिशेब नव्याने केला. दुसरं, थोरल्याला मेंदूविकार तज्ज्ञांकडे नेऊन दोन वर्षं उलटली होती. जुनीच चिठ्ठी चालू होती. ती भेट मी त्याच आठवड्यात ठरवली. औषध बदललं, फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

उरला प्रश्न रात्री जागायचं कुणी, हा. आणि त्यामागे, काका गेल्यावर पुढे काय, हा.

धाकटी २९ वर्षांची, दुसऱ्या शहरात नोकरीला. तिला बोलावू का म्हटल्यावर काकांनी कात्री खाली ठेवली. “नाही. तिच्या गळ्यात बांधायचं नाही मला. तिचं आयुष्य आहे.” धाकटीला वडिलांचा आजार माहीत होता, तो किती पुढे गेलाय ते नाही. फोनवर काका नेहमी म्हणायचे, ठीक आहे, पाठ जरा धरते.

मी फोन केला नाही. टीममध्ये यावरून वाद झाला. एक सहकारी म्हणाले, माणूस रात्र रात्र कळवळतोय आणि तुम्ही परवानगीची वाट बघताय? त्यांचं चुकीचं नव्हतं. पण माहिती काकांची होती आणि ते पूर्ण शुद्धीत होते. त्यांच्या पाठीमागून मुलीला कळवलं असतं, तर त्या मशीनवर पुन्हा काही बोलणं झालं नसतं. ती चार आठवडे वाट बघणं मला जड गेलं. आजही मी ते तसंच करीन, पण सोपं होतं असं म्हणणार नाही.

दरम्यान एक छोटी गोष्ट जमली. आमच्या स्वयंसेवकांपैकी दोघं निवृत्त परिचारक होते. आठवड्यातल्या दोन रात्री आळीपाळीने ते काकांच्या घरी थोरल्याच्या खोलीत झोपायला तयार झाले. पहिल्या रात्री काकांनी गोळी हातात धरून ठेवली आणि साडेदहापर्यंत दाराशी बसून राहिले. दुसऱ्या खेपेला घेतली. त्या रात्रीचा आकडा तीन. पुढच्या मंगळवारी सिस्टरांनी सात रात्री एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवल्या : आठ, तीन, आठ, आठ, तीन, नऊ, आठ. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. माझ्या चाळीस मिनिटांच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते त्या दोन तिनांनी केलं. दहाव्या मंगळवारी ते स्वतःहून म्हणाले, “तिला फोन लावा. सुरुवात तुम्ही करा, मी बाजूला बसतो.”

धाकटी बाराव्या मंगळवारी आली. त्या बैठकीत मी, डॉक्टर, सिस्टर, काका आणि ती. अशा बैठकीत सोशल वर्करचं काम मुख्यतः कुणाला किती बोलू द्यायचं आणि शांतता कधी मोडायची नाही, हे सांभाळण्याचं असतं. डॉक्टरांनी आजार कुठवर आलाय ते सरळ शब्दांत सांगितलं. धाकटी बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, “मला कधी विचारलंच नाहीत तुम्ही, बाबा. मला वाटलं, माझ्यावर तुमचा विश्वासच नाही.” काका काही बोलले नाहीत.

पुढचं वाक्य तिला जड गेलं, ते तिच्या हातांवरून कळत होतं. “पण मी त्याला माझ्या घरी नाही ठेवू शकणार. मी दिवसभर बाहेर असते. मी एकटी आहे. मी ठेवते म्हणाले तर ते खोटं असेल.”

खोलीत कुणीच हललं नाही. एखाद्या गोष्टीत इथे मुलगी भावाला पोटाशी धरते. प्रत्यक्षात तिने जे केलं त्याचं मोल मला त्याहून मोठं वाटतं. होकार देऊन सहा महिन्यांत मोडून पडणाऱ्या भावंडांना मी भेटले आहे. या खऱ्या ‘नाही’वर आम्हाला पुढचं बांधता आलं.

ठरलं ते असं : धाकटीच्या शहरात प्रौढांसाठी एक निवासी गृह आहे, थोरला तिथे राहील, शनिवार-रविवार तिच्याकडे, कायदेशीर पालक ती. पालकत्वाचा कायदा देशोदेशी वेगळा, पण एक गोष्ट कुठेही खरी आहे, की आईवडील सही करू शकतात तोवर कागद सुरू करावेत. अर्ज, अपंगत्वाचे दाखले, बँकेचं खातं, मदतनिधीवरचं नाव बदलणं, औषधांची यादी, जुन्या तपासण्यांची फाईल. यात सात आठवडे गेले.

या प्रश्नाचा आवाका आपल्या लक्षात येत नाही. १९८३च्या सुमारास अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ६०च्या घरात आहे. काकांसारख्या आईवडिलांच्या आधीच्या पिढ्यांना, माझ्यामागे याचं काय, हा प्रश्न या प्रमाणात पडलाच नव्हता. पॅलिएटिव्ह सेवेत येणाऱ्या वयस्कांमागे अशी प्रौढ मुलं उभी असतात आणि आपले फॉर्म त्यांना एका ओळीत गुंडाळतात.

वडील असतानाच थोरल्याला नव्या जागेची सवय व्हावी, म्हणून आधी दोन रात्री, मग चार, मग आठवडा, असा बेत केला. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण पहिल्या दोन रात्रींनंतर काका केंद्रात आले तेव्हा ते मशीनजवळ गेले नाहीत. जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या रात्री घरात थोरला नव्हता, गोळी घ्यायला काही अडचण नव्हती, तरी मोजपट्टीवरचा आकडा सात होता. आम्ही घाई केली का? मला अजूनही वाटतं, एक आठवडा थांबायला हवं होतं. त्या दिवशी मी काही विचारलं नाही. कापड धरायचं नव्हतं, तरी शेजारी बसले.

थोरल्याला सांगायचं कसं, यावरही चुका होण्याआधी आम्ही सल्ला घेतला. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वाईट बातमी कशी द्यावी यावर आयरीन टफ्री-विन या परिचारिका-संशोधकांनी मोठं काम केलं आहे. एकदाच बसवून सगळं सांगण्यापेक्षा, माणसाला जे आधीच दिसतंय-कळतंय त्याला जोडून छोटे छोटे तुकडे द्यावेत, हे त्यांचं म्हणणं. ‘बाबा लांब गेले’, ‘बाबा झोपले’ अशा भाषेने घोटाळा होतो. मग असा माणूस झोपायला घाबरतो, नाहीतर परत येण्याची वाट बघत बसतो. म्हणून थोरला काही मंगळवारी केंद्रात यायला लागला. बाबा जिथे आडवे पडतात ती खाट त्याने पाहिली. आधी, बाबांची पाठ आजारी आहे. मग, डॉक्टरांना ती बरी करता येत नाही. मग काकांनीच सांगितलं, “मी मरणार आहे. मग मी घरी नसेन. तुझ्याजवळ धाकटी असेल.” थोरल्याने मशीनच्या चाकावर हात ठेवून विचारलं, “मशीन कोण चालवणार?” काका म्हणाले, “दुसरं कुणी शिंपी.” तेवढ्याने त्याचं समाधान झालं, आणि दर आठवड्याला तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि काकांनी दर आठवड्याला तेच उत्तर दिलं.

शिवणं चालूच होतं. एकूण अकरा पँटी झाल्या. प्रत्येकीच्या बाजूच्या शिवणीत दीड इंच माया सोडलेली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. “बसून बसून वजन वाढेल त्याचं. उसवून मोठी करता येईल.” आणि कमरपट्टीच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशी, पांढरी फीत शिवलेली. तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहिलं होतं : फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर रुग्णालयात न्या. खाली एक फोन नंबर.

पहिल्या पाच पँटींत तो नंबर काकांचा स्वतःचा होता.

अठराव्या मंगळवारी मी खोलीत गेले तेव्हा त्यांच्यापुढे त्या पाच पँटींचा ढीग होता आणि ते पात्याच्या टोकाने फितीची टीप एकेक टाका करून उसवत होते. हात थरथरत होता, म्हणून मनगट मांडीवर टेकवून. शेजारी नव्या फिती कापून ठेवलेल्या, त्यांवर धाकटीचा नंबर. “मी करू का?” असं मी विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दोन तास लागले. रात्रीच्या गोळीबद्दल त्या दिवसानंतर मला कधी काही विचारावं लागलं नाही. मनगटावरचा वळ फिकट होत गेला.

बाविसावा मंगळवार शेवटचा. त्यानंतर ते उठू शकले नाहीत. अकरा दिवसांनी आमच्याच आंतररुग्ण विभागात, धाकटी आणि थोरला जवळ असताना गेले.

केंद्रात आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिल्या भेटीच्या फॉर्मवर आता प्रश्न आहे : तुमच्यावर कोण अवलंबून आहे, आणि रात्री त्यांच्याजवळ कोण असतं? आणि डोस घेतला जात नसेल, तर ‘समुपदेशन करावे’ असं न लिहिता ‘कारण शोधावे’ असं लिहायचं, यावर मी अडून बसले. काही सहकाऱ्यांना हा शब्दांचा हट्ट वाटतो.

मृत्यूनंतरचा पाठपुरावा आम्ही तेरा महिने ठेवतो, म्हणजे पहिलं वर्षश्राद्ध किंवा स्मृतिदिन, जे ज्याचं असेल, ते होऊन जातं. शेवटच्या फोनवर धाकटीने एक गोष्ट सांगितली. निवासी गृहातली मंडळी सहलीला गेली होती. थोरल्याला तिथे फिट आली. सोबतचा मदतनीस नवा होता, कागदपत्रं गाडीत राहिलेली. त्याने कमरपट्टी उलटून फीत वाचली, थोरल्याला कुशीवर वळवलं आणि नंबर फिरवला. ती पँट काकांच्या नजरेतून सुटली होती की त्यांनी ती तशीच ठेवली होती, हे आता कळायचा मार्ग नाही. नंबर काकांचा होता.

फोन धाकटीने उचलला. वडिलांचा फोन तिने बंद केलेला नाही; रोज रात्री चार्जिंगला लावते. मी विचारलं, आमच्या नोंदीत कोणता नंबर ठेवू?

ती म्हणाली, “दोन्ही लिहा.”